बहुरूपी आणि तोतया : ‘स्पूफ’ या शब्दाची गोष्ट

भाषेतील बहुतेक शब्द प्रथम कुणाच्या तोंडून बाहेर पडले हे सांगता येत नाही. ‘स्पूफ’ हा इंग्रजी शब्द याला अपवाद आहे. तो आर्थर रॉबर्ट्‌स (१८५२-१९३३) या इंग्रज विनोदी नटाने घडवला. गाणी, नकला आणि विनोद यांची सरमिसळ असलेल्या ‘म्युझिक हॉल’ नावाच्या करमणुकीच्या रंगमंचावर तो लंडनमध्ये गाजत होता. त्याने फसवाफसवीचा आणि बऱ्याचशा वेडगळपणाचा एक खेळ काढला आणि त्याला ‘स्पूफ’ असे नाव दिले. नाव ऐकताच हसू यावे, एवढीच त्याची करामत. १८८४ सालापासून हा शब्द छापील इंग्रजीत आढळतो. थोड्याच वर्षांत खेळाच्या नावाचे क्रियापद झाले आणि ‘एखाद्याला स्पूफ करणे’ म्हणजे त्याला गमतीने फसवणे, असा अर्थ रूढ झाला.

हाच शब्द आज वैमानिकांना दिल्या जाणाऱ्या इशाऱ्यांत, बँकांच्या सूचनांत, संगणक-सुरक्षेच्या पाठ्यपुस्तकांत आणि शेअर बाजाराच्या कायद्यातही आढळतो. तेथे त्याच्यात गमतीचा अंशही उरलेला नाही. नाट्यगृहात जन्मलेला थट्टेचा शब्द विज्ञान-तंत्रज्ञानाच्या परिभाषेत कसा शिरला आणि शिरताना त्याच्यातून नेमके काय गळून पडले, हे या लेखात पाहावयाचे आहे.

मराठीत ‘स्पूफ’ला एकच एक प्रतिशब्द नाही. थाप, हूल, हुलकावणी, सोंग, बतावणी, विडंबन असे अनेक शब्द त्याच्या आसपास येतात. पण त्याच्या अर्थाची दोन टोके समजून घ्यायला आपल्याकडचे दोन शब्द फार उपयोगी आहेत. एक ‘बहुरूपी’ आणि दुसरा ‘तोतया’. बहुरूपी पोलिसाचा वेश करून दारात येतो, दरडावतो, ‘चला चौकीवर’ म्हणतो. लहान मुले घाबरतात, मोठी माणसे हसतात आणि सोंग चांगले वठले म्हणून त्याला पैसे देतात. तोतयाही दुसऱ्याचेच रूप घेतो. पानिपतच्या लढाईनंतर ‘मीच सदाशिवरावभाऊ’ असे सांगत एक इसम पुढे आला, त्याने माणसे आणि मुलूख गोळा केला आणि अखेर १७७६ साली त्याला पुण्यात देहदंड झाला. दोघांची कृती वरवर सारखीच आहे. फरक आहे तो समोरच्या माणसाला काय ठाऊक आहे, याचा. बहुरूप्याचे सोंग हे सोंग असल्याचे पाहणाऱ्याला माहीत असते, निदान थोड्या वेळाने तरी कळते. आणि ते कळण्यातच बहुरूप्याची कमाई असते. तोतयाचे मात्र ते कळले की सारे संपते.

‘स्पूफ’ हा शब्द बहुरूपी म्हणून जन्मला. त्याचा तोतया झाला तो विसाव्या शतकात.

खेळ आणि विडंबन

इंग्लंडात ‘स्पूफ’ याच नावाचा नाण्यांचा एक खेळ अजूनही खेळला जातो. प्रत्येक खेळाडूने तीनपर्यंत कितीही नाणी मुठीत लपवायची, किंवा मूठ रिकामी ठेवायची. मग सर्वांच्या मुठींत मिळून किती नाणी आहेत हे प्रत्येकाने पाळीपाळीने सांगायचे. एकाने सांगितलेली संख्या दुसऱ्याने सांगायची नाही. ज्याचा अंदाज बरोबर येईल तो सुटला. शेवटी उरेल त्याने सर्वांच्या खाण्यापिण्याचे पैसे द्यायचे. येथे चेहरा निर्विकार ठेवणे, मुद्दाम चुकीची संख्या सांगून दुसऱ्याची दिशाभूल करणे हे सगळे मान्य आहे. समोरचा आपल्याला फसवणार हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि मुठी उघडल्या की सत्य सर्वांसमोर येते. खेळाचे हे दोन नियम लक्षात ठेवावेत : फसवणुकीला संमती आणि शेवटी मुठी उघडणे.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला. एखाद्या गंभीर कलाकृतीची हुबेहूब शैली उचलून केलेली टर म्हणजेही स्पूफ. या प्रकारातील एक नमुना शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावा असा आहे. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसी दूरचित्रवाणीच्या ‘पॅनोरमा’ या प्रतिष्ठित कार्यक्रमात सुमारे तीन मिनिटांचा एक वृत्तपट दाखवला गेला. स्वित्झर्लंडच्या दक्षिण भागात यंदा स्पॅगेटीचे पीक चांगले आले आहे, असे त्यात सांगितले होते. शेतकरी कुटुंबातील स्त्रिया झाडांच्या फांद्यांवरून लोंबणारी स्पॅगेटी खुडून उन्हात वाळत घालत आहेत, अशी दृश्येही होती. स्पॅगेटी म्हणजे गव्हाच्या पिठाच्या लांब शेवया. पण त्या काळी इंग्लंडात हा पदार्थ फारसा परिचित नव्हता. अनेक प्रेक्षकांनी बीबीसीला दूरध्वनी केले. काहींनी तर हे झाड घरी कसे लावावे, अशीही चौकशी केली.

हे प्रेक्षक भोळे होते एवढेच म्हणून थांबता येणार नाही. वृत्तपटाचे निवेदन रिचर्ड डिंबलबी यांचे होते. १९५३ सालच्या राज्यारोहण समारंभाचे वर्णन ज्यांच्या तोंडून देशाने ऐकले, तो हा आवाज. प्रेक्षकांनी झाडावरच्या शेवयांवर विश्वास ठेवला नाही, त्यांनी त्या आवाजावर विश्वास ठेवला. आपल्याला मिळणारी बहुतेक माहिती आपण अशीच स्वीकारतो. प्रत्येक गोष्ट पडताळून पाहणे शक्य नसते, म्हणून सांगणारा कोण आहे ते पाहतो. स्पूफचे सारे तंत्र, गमतीचे असो वा घाताचे, याच सवयीवर उभे आहे. बीबीसीने मुठी लवकरच उघडल्या. लोक हसले, काही रागावले आणि विषय संपला. पण आवाज ओळखीचा आहे, एवढ्यावर विसंबणारा जर माणूस नसून यंत्र असेल तर? हा प्रश्न या वृत्तपटाच्या चौदा वर्षे आधीच, दुसऱ्या महायुद्धात उभा राहिला होता.

कागदी पट्ट्यांचे विमान

रडारचे तत्त्व आपल्या परिचयाचे आहे. प्रक्षेपकातून रेडिओतरंगांचा एक झोत सोडला जातो. वाटेतील वस्तूवर आदळून त्याचा काही भाग परत येतो. परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते आणि झोताच्या रोखावरून दिशा. येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. रडारला विमान ‘दिसत’ नाही. त्याला केवळ प्रतिध्वनी ऐकू येतो. तसाच प्रतिध्वनी दुसऱ्या कशापासून आला, तर रडारच्या दृष्टीने तेथे विमान आहे.

धातूच्या पट्टीची लांबी तरंगलांबीच्या निम्मी असेल तर त्या पट्टीत तरंगांमुळे अनुनाद होतो आणि आकाराच्या मानाने ती फार जोरदार प्रतिध्वनी देते. जर्मनांचे ‘वुर्त्सबुर्ग’ रडार सुमारे ५६ कोटी हर्ट्‌झ वारंवारतेवर चाले. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर धरला तर तरंगलांबी सुमारे ५३ सेंटिमीटर येते आणि तिची निम्मी लांबी सुमारे २७ सेंटिमीटर. साधारण एवढ्या लांबीच्या, एका बाजूला अॅल्युमिनियमचा वर्ख लावलेल्या कागदी पट्ट्यांचे गठ्ठे विमानातून सोडले, तर पट्ट्या हवेत पसरतात, सावकाश खाली येतात आणि तेवढा वेळ रडारच्या पडद्यावर विमानासारखा ठिपका उमटवतात. ब्रिटिशांनी या युक्तीला ‘विंडो’ हे सांकेतिक नाव दिले होते. पट्टीचा आकार व प्रकार ठरवण्याचे प्रयोग १९४२ साली जोन करन या भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीने केले.

गंमत अशी की जर्मनांनाही ही युक्ती सुचली होती, आणि दोन्ही बाजूंनी ती दडवून ठेवली होती. आपण वापरली की शत्रूला कळणार आणि तो ती आपल्यावर उलटवणार, ही दोघांची भीती एकच होती. युक्ती इतकी सोपी होती की ती एकदा पाहणे म्हणजेच ती शिकणे होते. अखेर २४ जुलै १९४३ च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाने हॅम्बुर्ग शहरावरील हल्ल्यात विंडो प्रथम वापरली. ७९१ विमाने निघाली होती. एका गठ्ठ्यात सुमारे २,२०० पट्ट्या. विमानांतून ठरावीक वेळाने एकेक गठ्ठा बाहेर पडत होता. त्या रात्री सुमारे ४० टन पट्ट्या हॅम्बुर्गच्या आकाशात सोडल्या गेल्या. रडारचे पडदे ठिपक्यांनी भरून गेले, तोफांना व सर्चलाइटना नेम धरता येईना. ७९१ पैकी केवळ १२ विमाने परत आली नाहीत.

या आकड्यापुढे दुसरा आकडाही ठेवला पाहिजे. त्या आठवड्यातील हल्ल्यांत, विशेषतः २७ जुलैच्या रात्री उसळलेल्या अग्निवादळात, हॅम्बुर्गमधील सुमारे ४० हजार माणसे मेली. कागदाच्या पट्ट्यांनी वैमानिकांचे प्राण वाचवले आणि त्याच पट्ट्यांनी शहर उघडे पाडले.

जर्मन अभियंत्यांनीही उपाय शोधला आणि त्यातील विज्ञान वर्गात सांगण्याजोगे आहे. पट्टी आणि विमान यांचा प्रतिध्वनी सारखा असेल, पण विमान ताशी शेकडो किलोमीटर वेगाने जाते आणि पट्टी वाऱ्याबरोबर तरंगते. हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या तरंगांची वारंवारता डॉप्लर परिणामामुळे किंचित बदलते. हा बदल मोजणारी जोडणी जर्मनांनी रडारला लावली. प्रतिध्वनीच्या जोरावर विसंबणे सोडून त्यांनी विमानाचा असा गुण तपासायला घेतला, की ज्याची नक्कल कागदी पट्टीला करता येणार नाही. तोतयाला ओळखण्याचा हा मूलमंत्र आपल्याला पुढेही भेटेल.

नसलेले आरमार

हॅम्बुर्गच्या रात्री झाले ते मुख्यतः आंधळे करणे होते. बाजारातल्या गोंगाटात ओळखीची हाक ऐकू येऊ नये, तसे. पण लवकरच ब्रिटिशांच्या लक्षात आले की पट्ट्यांचा उपयोग अधिक धूर्तपणे करता येतो. मोजकीच विमाने भलत्या शहराकडे पाठवायची आणि त्यांनी वाटेत इतक्या पट्ट्या सोडायच्या की रडारवर ती शेकडो विमानांची झुंड वाटावी. शत्रूची लढाऊ विमाने तिकडे धावली की खरी झुंड दुसरीकडून आत शिरणार. अशा लुटुपुटीच्या हल्ल्यांना वैमानिकांच्या बोलीत नाव पडले ‘स्पूफ’. नाट्यगृहातला शब्द युद्धाच्या नोंदवहीत आला तो असा. वैमानिकांनी तो निवडला तो बहुधा विनोदानेच. ज्यांना दररोज मरणाची सोबत असते, त्यांच्या बोलीत असे शब्द येतात.

रडारपाठोपाठ कानांचीही फसवणूक सुरू झाली. रात्री लढणाऱ्या जर्मन विमानांना जमिनीवरून रेडिओद्वारे सूचना दिल्या जात. २२ ऑक्टोबर १९४३ रोजी कासेल शहरावरील हल्ल्याच्या रात्री इंग्लंडातून, अस्खलित जर्मन बोलणाऱ्या माणसांनी, त्याच वारंवारतेवर खोट्या सूचना द्यायला सुरुवात केली. खरा जर्मन अधिकारी संतापून शिव्या देऊ लागला. त्यावर खोट्या आवाजाने वैमानिकांना सांगितले, की पाहा, आता तो इंग्रज शिव्या देऊ लागला आहे! हा प्रसंग त्या युद्धाच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. पुढे जर्मनांनी पुरुषांऐवजी स्त्रियांच्या आवाजात सूचना द्यायला सुरुवात केली, तर ब्रिटिशांनी जर्मन जाणणाऱ्या स्त्रिया आधीच तयार ठेवल्या होत्या. वैमानिकाला दोन आवाज ऐकू येत, दोन्ही आवाज आपणच खरे असल्याचे सांगत, आणि त्यांतला कोणता खरा हे केवळ ऐकून ठरवणे अशक्य होते.

या तंत्राचा कळस नॉर्मंडीवरील चढाईच्या रात्री, म्हणजे ५ जून १९४४ च्या रात्री झाला. खरे आरमार नॉर्मंडीकडे चालले असताना ६१७ क्रमांकाच्या तुकडीच्या लँकेस्टर विमानांनी दुसरीकडे, अँतिफेर भूशिराच्या दिशेने, एक नसलेले आरमार ‘चालवले’. अडचण वेगाची होती. विमान ताशी सुमारे २९० किलोमीटर वेगाने उडते आणि जहाजांचा तांडा ताशी जेमतेम १३ किलोमीटर सरकतो. उपाय असा की विमानांनी लांबट चकरा मारायच्या आणि प्रत्येक चकरीत थोडेसेच पुढे सरकायचे. समजा एक चकर ७ मिनिटांची आहे. तेवढ्या वेळात विमान सुमारे ३४ किलोमीटर अंतर कापेल, पण प्रत्येक चकर आधीच्या चकरीच्या केवळ दीड किलोमीटर पुढे असेल. या चकरांत पट्ट्या अचूक अंतराने सोडल्या, की किनाऱ्यावरील रडारला जहाजांचा ताफा संथपणे पुढे येताना दिसणार. चूक थोडी जरी झाली तरी ‘जहाजे’ उडी मारताना दिसली असती. म्हणून वैमानिकांनी आधी पुष्कळ सराव केला होता. या भागातील जर्मन रडार केंद्रांपैकी काही केंद्रे दोस्तांनी मुद्दामच शाबूत ठेवली होती. सोंग पाहायला प्रेक्षक हवाच ना!

प्रेक्षक होता, पण त्याची संमती नव्हती आणि मुठी उघडण्याचा तर प्रश्नच नव्हता. खेळाचे दोन्ही नियम येथे मोडले होते. शब्द मात्र तोच राहिला.

पाकिटावरचा प्रेषक

युद्धानंतर हा शब्द इलेक्ट्रॉनिक युद्धतंत्राच्या परिभाषेत स्थिरावला. तेथून तो संगणकांच्या जगात आला, तेव्हा त्याला एक नेमका अर्थ मिळाला होता : आपण कोण आहोत याविषयी खोटी खूण पाठवणे.

आपण पत्र टाकतो तेव्हा पाकिटाच्या कोपऱ्यात ‘प्रेषक’ म्हणून नाव लिहितो. ते खरे आहे की नाही, हे पोस्टमन तपासत नाही. कोणत्याही गावच्या मुख्याध्यापकाचे नाव तेथे लिहून पत्र टाकता येते. टपाल कचेरीचा शिक्का मात्र पत्र खरोखर कोठून निघाले ते सांगतो. ई-मेल पाठवण्याचे जे नियम १९८२ साली ठरले, त्यांत प्रेषकाची पडताळणी करण्याची सोय नव्हती. तेव्हा हे जाळे थोड्या विद्यापीठांपुरते व संशोधन संस्थांपुरते होते आणि सर्वांचा एकमेकांवर विश्वास होता. इंटरनेटवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक लहान गठ्ठ्यावरही पाठवणाऱ्या संगणकाचा पत्ता असतो, आणि तोही पाठवणाराच लिहितो. बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस यांनी या कच्च्या दुव्याचा गैरफायदा कसा घेता येईल, हे १९८५ सालीच लिहून ठेवले होते. तो धोका केवळ कागदावरचा नाही, हे पुढे १९९४ सालच्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील एका सुरक्षातज्ज्ञाच्या संगणकावर झालेल्या हल्ल्याने दाखवून दिले. शिक्क्याचे काम करणाऱ्या डिजिटल सह्या ई-मेलमध्ये आल्या, त्या फार नंतर.

दूरध्वनीची कथाही हीच आहे. पडद्यावर उमटणारा क्रमांक म्हणजे पाकिटावरचा प्रेषक. परदेशातून इंटरनेटमार्गे केलेल्या कॉलवर भारतीय क्रमांक उमटवता येतो. मग पोलीस, सीमाशुल्क अधिकारी किंवा बँक असल्याचे सांगून माणसाला घाबरवायचे आणि पैसे उकळायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत सरकारने असे कॉल रोखणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या २४ तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख खोट्या क्रमांकांचे कॉल अडवल्याचे सरकारने जाहीर केले. दारात आलेला बहुरूपी पोलीस आणि फोनवरचा तोतया पोलीस यांच्यातील अंतर आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचले आहे, ते असे.

शेअर बाजारातही हा शब्द गेला. विकत घेण्याचा किंवा विकण्याचा इरादा नसताना मोठमोठ्या मागण्या नोंदवायच्या, त्यामुळे भाव हलला की त्या रद्द करायच्या, या लबाडीला अमेरिकेच्या २०१० सालच्या कायद्याने बंदी केली. त्यात ‘स्पूफिंग’ हा शब्द नावानिशी घातला आहे. एका विनोदी नटाने हसवण्यासाठी काढलेला शब्द सव्वाशे वर्षांनी कायद्याच्या कलमात जाऊन बसला.

उपग्रहाचा खोटा आवाज

या शब्दाचा आजचा सर्वांत गंभीर उपयोग उपग्रहांच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या स्थाननिश्चितीत होतो. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संदेश पाठवत असतात. आपल्या हातातील यंत्र निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला ते मोजते आणि त्यावरून आपले स्थान काढते. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

हे संदेश जमिनीवर पोहोचतात तेव्हा फारच क्षीण झालेले असतात. यंत्राला मिळणारी शक्ती एका वॉटला एकावर सोळा शून्यांनी भागल्यावर येईल, जवळपास तेवढी असते. त्यामुळे जवळचा लहानसा प्रक्षेपकही तो आवाज सहज बुडवू शकतो. हा झाला गोंगाट. त्यात यंत्राला निदान कळते तरी, की आपल्याला काही ऐकू येत नाही. स्पूफिंग त्याहून घातक आहे. नागरी वापराच्या जीपीएस संदेशाची रचना सर्वांना खुली आहे आणि त्यावर सही नाही. म्हणून त्या रचनेचे खोटे संदेश तयार करता येतात. आधी ते खऱ्या संदेशांशी तंतोतंत जुळवायचे, मग त्यांचा जोर किंचित वाढवायचा आणि यंत्र खोट्या आवाजाला चिकटले की वेळा हळूहळू सरकवायच्या. यंत्र तक्रार करत नाही. ते ठामपणे चुकीची जागा दाखवत राहते.

हे खरोखर होऊ शकते, हे टेक्सास विद्यापीठातील टॉड हम्फ्रीज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३ च्या जूनमध्ये भूमध्य समुद्रात दाखवून दिले. ‘व्हाइट रोझ ऑफ ड्रॅक्स’ या ६५ मीटर लांबीच्या नौकेवर त्यांनी आपले लहानसे उपकरण नेले. खोट्या संदेशांमुळे नौकेला वाटले की आपण मार्गापासून ढळलो आहोत, म्हणून तिने मार्ग ‘दुरुस्त’ केला आणि प्रत्यक्षात ती वळली. पडद्यावर मात्र सरळ रेषाच दिसत होती. या प्रयोगाला नौकेवरच्या लोकांची संमती होती आणि शेवटी सारे उघड केले गेले. खेळाचे दोन्ही नियम पाळून केलेला हा स्पूफ होता, आणि त्यामुळेच त्याला विज्ञानाचा प्रयोग म्हणता येते.

पुढे नियम न पाळणारेही आले. २०१७ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रात, नोव्होरोसिस्क बंदराजवळ एका जहाजाच्या कप्तानाला यंत्राने सांगितले, की तुमचे जहाज गेलेंजिक येथील विमानतळावर आहे. आजूबाजूच्या जहाजांची स्थाने पाहिली तर निदान वीस जहाजे त्याच विमानतळावर उभी असल्याचे दिसत होते! येथे कप्तानाच्या मदतीला आले ते त्याचे डोळे आणि शेजाऱ्यांशी केलेली तुलना. हवेत, ढगांत, रात्री ही सोय नसते. २०२३ पासून पश्चिम आशियावरून जाणाऱ्या प्रवासी विमानांना असे अनुभव मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात आपल्या सीमेलगत, मुख्यतः अमृतसर आणि जम्मू भागात, जीपीएसमध्ये अडथळा येण्याच्या व स्पूफिंगच्या ४६५ घटना घडल्याची माहिती सरकारने संसदेत दिली आहे.

यावर उपाय दोन प्रकारचे आहेत. पहिला, जर्मनांनी डॉप्लर परिणामाबाबत केला तसा, म्हणजे दुसऱ्या स्वतंत्र साधनाने पडताळा घेणे. विमानात गतीचे मोजमाप करून स्थान काढणारी जडत्वीय साधने असतात, जमिनीवर रेडिओ-दीपस्तंभ असतात. ती जीपीएसहून कमी अचूक असली तरी त्यांना उपग्रहाच्या खोट्या आवाजाने फसवता येत नाही. दुसरा उपाय म्हणजे आवाजावर सही करणे. युरोपच्या ‘गॅलिलिओ’ उपग्रहमालिकेने २०२५ साली अशी सेवा अधिकृतपणे सुरू केली. तिची युक्ती सुबक आहे. उपग्रह आधी संदेश आणि त्याचे ‘मोहोर’ पाठवतो. ते मोहोर तपासण्याची किल्ली थोड्या वेळाने जाहीर करतो. किल्ली मिळाल्यावर कुणालाही मोहोर तपासता येते, पण मोहोर पाठवण्याच्या क्षणी किल्ली फक्त खऱ्या प्रेषकाकडेच असते. मागाहून आलेल्या तोतयाला वेळ गाठता येत नाही.

वर्गासाठी

या विषयाचा वर्गात दोन तऱ्हांनी उपयोग करता येईल. नाण्यांचा खेळ संभाव्यतेच्या पाठासाठी चांगला आहे. दोन खेळाडू असतील तर १६ शक्यतांपैकी ४ शक्यतांत एकूण नाणी ३ येतात. तीन खेळाडूंच्या ६४ शक्यतांत ४ आणि ५ या बेरजा प्रत्येकी १२ वेळा येतात. मुलांना हा तक्ता स्वतः करू द्यावा. मग प्रत्यक्ष खेळताना अनुभवी खेळाडू या तक्त्याप्रमाणे का वागत नाही, हे विचारावे.

दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा. ‘उद्या शाळेला सुट्टी’ असा एक टंकलिखित, बिनसहीचा, मुख्याध्यापकांच्या नावाचा कागद वर्गात फिरवावा. मात्र तो खोटा आहे हे आधीच सांगून टाकावे, म्हणजे खेळाचा नियम मोडणार नाही. मग मुलांना विचारावे, की हे आधी सांगितले नसते तर कागद खरा की खोटा हे तुम्ही कसे ठरवले असते? कुणी सही पाहीन म्हणेल, कुणी शिपायाला विचारीन म्हणेल, कुणी दुसऱ्या वर्गातही असा कागद आला का ते पाहीन म्हणेल. प्रत्येक उत्तराला एकच उपप्रश्न जोडावा : हीही खूण कुणाला नकलता येईल का? या प्रश्नाची उत्तरे शोधताना मुले वुर्त्सबुर्ग रडारपासून गॅलिलिओ उपग्रहापर्यंतचा रस्ता बराचसा आपला आपणच चालतील. आणि ‘मी पोलीस अधिकारी बोलतो आहे’ असा फोन पुढे कधी त्यांच्या घरी आलाच, तर फोन ठेवून, माहीत असलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन लावावा, हे घरातल्या मोठ्या माणसांना तीच सांगतील.